माणूस म्हणजे लंबकाचा गोळा नव्हे

साध्या लंबकाचा प्रयोग तुमच्यापैकी बहुतेकांनी शाळेच्या प्रयोगशाळेत केला असेल. दोऱ्याला गोळा बांधायचा, २० आंदोलनांना किती वेळ लागतो ते मोजायचे, मग दोऱ्याची लांबी बदलून पुन्हा मोजायचे. लांबी बदलताना गोळा मात्र तोच ठेवायचा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि बाकी सर्व तशीच ठेवावी, हा प्रयोगाचा पहिला धडा. तसे केले नाही तर झालेला फरक कशामुळे झाला हे सांगताच येत नाही.

या प्रयोगात कधी गाठ सुटते आणि गोळा फरशीवर पडतो. आपण तो उचलतो, पुन्हा बांधतो आणि प्रयोग पुढे चालू होतो. 'तुला टांगू का?' असे गोळ्याला कोणी विचारीत नाही, आणि विचारण्याचे कारणही नाही.

आता वैद्यकाकडे वळू या. एखादे नवे औषध गुणकारी आहे की नाही हे ठरवायचे तर प्रयोगाचा नियम तोच. सारख्या परिस्थितीतील माणसांचे दोन गट करायचे, एका गटाला औषध द्यायचे, दुसऱ्याला ते न देता फक्त पाहायचे. या दुसऱ्या गटाला 'तुलना गट' म्हणतात. तुलना गट नसेल तर रोगी औषधाने बरा झाला की आपोआप बरा झाला, हे कळणार कसे? शास्त्र म्हणून ही पद्धत निर्दोष आहे. पण येथे दोन्ही गटांत गोळे नसून माणसे आहेत. त्यांना वेदना होतात, घरी त्यांची वाट पाहणारी मुले असतात, आणि प्रयोगात चूक झाली तर फरशीवरून उचलून पुन्हा बांधता येत नाही.

'असे केले तर काय होईल?' हा शास्त्रज्ञाचा प्रश्न. 'असे करावे का, कोणाला विचारून करावे, आणि फायदा-तोटा कोणाच्या वाट्याला येईल?' हा त्याच्या शेजारचा दुसरा प्रश्न. वैद्यक आणि जीवशास्त्र यांतील या दुसऱ्या प्रश्नाचा पद्धतशीर विचार करणाऱ्या शास्त्राला 'जैवनीतिशास्त्र' म्हणतात आणि तो विचार करणाऱ्यांना जैवनीतितज्ज्ञ. हा प्रश्न किती खरा आहे, ते आपल्याच महाराष्ट्रातील उदाहरणांवरून पाहू या.

भायखळ्याचा तुरुंग

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात डॉ. वाल्डेमार हाफकिन हे शास्त्रज्ञ मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातील छोट्याशा जागेत त्यांनी प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. जवळजवळ निम्मे कैदी टोचून घ्यायला तयार झाले, बाकीच्यांना टोचले नाही. पुढील दिवसांत न टोचलेल्यांत रुग्ण आणि मृत्यू अधिक झाले, टोचलेल्यांत अगदी कमी. परळच्या हाफकिन संस्थेचे नाव आज आपण घेतो, तिची सुरुवात या कामातून झाली.

हाफकिन यांच्या धैर्याबद्दल शंकाच नाही. लस आधी स्वतःला टोचून घेणारा शास्त्रज्ञ विरळाच. तरीही एक प्रश्न उरतो. साहेब विचारीत आहेत, बाजूला शिपाई उभा आहे आणि आपण कोठडीत आहोत, अशा वेळी कैद्याला 'नाही' म्हणण्याची मोकळीक खरोखर किती असते? ज्याला 'नाही' म्हणता येत नाही त्याच्या 'हो'ला किंमत किती?

हा प्रश्न जगाने गंभीरपणे घेतला तो पुढे फार मोठी किंमत मोजल्यानंतर. दुसऱ्या महायुद्धात नाझी डॉक्टरांनी छळछावण्यांतील कैद्यांवर अमानुष प्रयोग केले. त्यांच्यावरील न्यूरेंबर्गच्या खटल्याचा निकाल १९४७ साली लागला. त्या निकालात प्रयोगांसाठी १० नियम सांगितले गेले, आणि त्यांतील पहिला नियम म्हणजे माणसाची स्वेच्छेने दिलेली संमती. पण नियम लिहिला म्हणजे पाळला गेला असे नाही. अमेरिकेत टस्कीगी येथे १९३२ पासून उपदंशाच्या सुमारे ४०० कृष्णवर्णीय रुग्णांचे केवळ निरीक्षण चालू होते. १९४० नंतरच्या दशकात पेनिसिलिन हे रामबाण औषध हाती आले, तरी या लोकांना ते दिले नाही. इतकेच नव्हे, तर आपल्यावर उपचार होत नाहीत हेही त्यांना कळू दिले नाही. १९७२ साली वृत्तपत्रांतून बोभाटा झाला तेव्हा कोठे हा अभ्यास थांबला. त्यानंतर १९७९ मध्ये तेथील आयोगाने तीन तत्त्वे मांडली: माणसाचा मान राखणे, त्याचे हित पाहणे व अपाय टाळणे, आणि न्याय. भारतात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८० साली पहिली मार्गदर्शक भूमिका जाहीर केली. पुढे २०००, २००६ व २०१७ साली तिच्या सविस्तर मार्गदर्शिका निघाल्या.

उस्मानाबादची आकडेवारी

आता जरा अवघड उदाहरण घेऊ. अवघड अशासाठी की यात कोणी दुष्ट नाही.

गर्भाशयमुखाचा कर्करोग हा भारतातील स्त्रियांचा एक मोठा शत्रू. तो वर्षानुवर्षे हळूहळू वाढतो, त्यामुळे वेळीच तपासणी झाली तर टाळता येतो. तपासणीच्या तीन पद्धती होत्या. पहिली, पेशींचा नमुना काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. दुसरी, गर्भाशयमुखाला सौम्य अॅसेटिक आम्ल (व्हिनेगरमध्ये असते तेच) लावून पांढरे डाग दिसतात का ते पाहणे. तिसरी, या कर्करोगाला कारण होणाऱ्या एच.पी.व्ही. या विषाणूचा शोध घेणे. आपल्या खेड्यांत यांपैकी कोणती उपयोगी पडेल? हे पाहण्यासाठी ऑक्टोबर १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात एक प्रचंड अभ्यास सुरू झाला. त्यात मुंबईचे टाटा मेमोरियल केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था सहभागी होत्या. ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचे, गावांच्या ५२ समूहांनुसार, चार गट करण्यात आले. तीन गटांची एकेका पद्धतीने एकदाच तपासणी झाली. चौथा तुलना गट. त्याला नेहमीची आरोग्यसेवा तेवढी मिळाली. सुमारे ८ वर्षांच्या पाहणीनंतर २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या कर्करोगाने झालेले मृत्यू असे:

विषाणू-तपासणी गट: ३४,१२६ स्त्रिया, ३४ मृत्यू
पेशी-तपासणी गट: ३२,०५८ स्त्रिया, ५४ मृत्यू
अॅसेटिक आम्ल गट: ३४,०७४ स्त्रिया, ५६ मृत्यू
तुलना गट: ३१,४८८ स्त्रिया, ६४ मृत्यू

वही-पेन्सिल घ्या आणि दर लाखी प्रमाण काढा. उत्तरे अनुक्रमे सुमारे १००, १६८, १६४ आणि २०३ येतील. विषाणू-तपासणीमुळे मृत्यूचे प्रमाण निम्म्यावर आले हे सरळ दिसते. मग इतर दोन पद्धतीही थोड्या उपयोगी ठरल्या असे म्हणावे का? थांबा. कोणत्याही मोजणीत योगायोगाचा भाग असतो. किरणोत्सर्गाचे कण मोजताना आम्ही भौतिकीवाले एक ढोबळ नियम वापरतो: मोजलेल्या संख्येच्या वर्गमुळाइतकी अनिश्चितता धरावी. ६४ चे वर्गमूळ ८, ५४ चे सुमारे ७, ३४ चे सुमारे ६. हीच अनिश्चितता दर लाखी प्रमाणात मांडली तर तुलना गट १७८ ते २२८, पेशी-तपासणी गट १४५ ते १९१ आणि अॅसेटिक आम्लाचा गट १४२ ते १८६ या दरम्यान येतो. या मर्यादा एकमेकींत मिसळतात. म्हणजे तो फरक योगायोगानेही पडला असेल. विषाणू-तपासणीचा गट मात्र ८३ ते ११७ या दरम्यान, अगदी वेगळा पडतो. संशोधकांनी याहून काटेकोर गणित केले आणि निष्कर्ष हाच निघाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली पहिली तपासणी म्हणून विषाणू-तपासणीची शिफारस केली, त्यामागील पुराव्यांत मराठवाड्यातील या खेड्यांचा वाटा आहे.

आता तेच आकडे दुसऱ्या बाजूने पाहा. तुलना गटातील प्रमाणही दर लाखी १०० असते, तर त्या ३१,४८८ स्त्रियांमध्ये सुमारे ३१ मृत्यू झाले असते. झाले ६४. हा ३३ चा फरक म्हणजे आलेखावरचा बिंदू नव्हे. त्या कोणाच्या तरी आया, मावश्या, आत्या होत्या.

मग तुलना गट ठेवणे चुकीचे होते का? टीकाकार म्हणाले: तपासणीने हा कर्करोग टाळता येतो हे पाश्चात्त्य देशांत कधीच सिद्ध झाले होते, श्रीमंत देशात असा तपासणीविना गट कोणी ठेवू दिला असता का? मुंबईच्या वस्त्यांत अशाच एका मोठ्या अभ्यासात तुलना गट ठेवला गेला होता, त्यावरही हाच आक्षेप आला. १९९३ पासून मुंबईहून निघणाऱ्या 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स' या नियतकालिकात २०१४ साली हा वाद जाहीरपणे मांडला गेला. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे: भारतात त्या काळी अशी तपासणी सरसकट होतच नव्हती, त्यामुळे कोणाचे काही काढून घेतले नाही, आणि आपल्या परिस्थितीत कोणती पद्धत चालेल हे खरोखरच माहीत नव्हते. वरचे आकडे या दुसऱ्या मुद्द्याला बळ देतात, कारण पाश्चात्त्य देशांत नावाजलेली पेशी-तपासणी एकदाच केल्याने येथे निश्चित फरक दिसला नाही.

जैवनीतितज्ज्ञाचे काम नेमके येथे सुरू होते. तो लगेच निवाडा देत नाही. तो विचारतो: जाणकारांना उत्तर खरोखरच ठाऊक नाही का? प्रामाणिक अनिश्चितता असेल तरच गट पाडणे न्याय्य. उत्तर ठाऊक असताना एखाद्या गटाला उपचाराविना ठेवणे म्हणजे टस्कीगी. तो विचारतो: तुलना गटातील बाईला तिच्या भाषेत काय सांगितले? मधल्या काळात आकड्यांवर नजर ठेवणारी, संशोधकांपासून स्वतंत्र अशी समिती आहे का? आणि उत्तर हाती आल्यावर ते सर्वांत आधी कोणाच्या उपयोगी पडणार?

माझे मत सांगतो, ते तुम्हाला पटलेच पाहिजे असे नाही. तुलना गट नसता तर ३४ या आकड्याला काहीच अर्थ नव्हता. म्हणजे त्या ३१,४८८ स्त्रियांनी ज्ञानात घातलेली भर इतर तीन गटांहून कमी नाही. उलट त्यांनी दिलेली किंमत अधिक आहे. म्हणून त्यांना प्रयोगाचे साहित्य समजून चालणार नाही. त्या प्रयोगातील भागीदार आहेत, आणि भागीदाराला हिशेब द्यावा लागतो. हा हिशेब मागणारा माणूस म्हणजे जैवनीतितज्ज्ञ.

सही कोणाची?

यानंतरचे उदाहरण शेजारच्या राज्यातले, पण तुमच्याच वयाच्या मुलींचे आहे. त्याच विषाणूवर पुढे लस निघाली. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील, आता तेलंगणात असलेल्या, खम्मम जिल्ह्यात २००९ साली १० ते १४ वर्षे वयाच्या सुमारे १४,००० मुलींना ती एका अभ्यासासाठी टोचण्यात आली. त्यांत आदिवासी वसतिगृहांतील मुली पुष्कळ होत्या. काही मुलींच्या मृत्यूच्या बातम्या आल्यावर एप्रिल २०१० मध्ये अभ्यास थांबवला गेला. त्या मृत्यूंचे कारण लस असल्याचे चौकशीत आढळले नाही, आणि ही लस आज अनेक देशांत दिली जाते, हे प्रथमच सांगून ठेवतो. मग चुकले काय? संमतीपत्रे तपासली तेव्हा ९,५४३ पत्रांपैकी २,७६३ पत्रांवर आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या निघाल्या आणि १,९४८ पत्रांवर अंगठे होते. संसदेच्या समितीने २०१३ सालच्या अहवालात यावर कठोर ताशेरे ओढले. लस चांगली असली म्हणून ती देण्याची रीत आपोआप चांगली ठरत नाही.

हे वाचताना आपल्या शहापूर-मुरबाडकडे पाहा. किन्हवलीच्या परिसरात आश्रमशाळा आहेत. तेथील कातकरी, ठाकूर, वारली, महादेव कोळी मुलांपैकी अनेकांचे आईवडील भातकापणी आटोपली की वीटभट्टीवर किंवा दूरच्या कामावर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. अशा वेळी एखादे पथक आले आणि 'उद्याच सह्या हव्यात' म्हणाले, तर हाताशी असलेला मोठा माणूस म्हणजे अधीक्षकच. खम्ममला जी सोय वाटली, ती येथेही कोणाला सहज वाटू शकते. म्हणून एक नियम लक्षात ठेवा. संशोधनात मुलांना घ्यायचे तर पालकांची संमती तर लागतेच. शिवाय आपल्या संशोधन परिषदेच्या मार्गदर्शिकेनुसार, मुलाचे वय ७ पेक्षा अधिक असल्यास त्याचा स्वतःचा तोंडी, आणि १२ च्या पुढे असल्यास लेखी होकारही घ्यावा लागतो. म्हणजे तुम्ही नववी-दहावीत असाल तर तुमची सही लागते. तुम्हाला समजेल अशा भाषेत तुम्हाला सांगितले गेले पाहिजे, आणि 'नको' म्हणण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

समितीतला सामान्य माणूस

पण हे सर्व प्रश्न विचारतो कोण? औषधांच्या चाचणीला भारतात नीतिसमितीची परवानगी सक्तीची आहे. २०१९ सालच्या नियमांप्रमाणे समितीत किमान ७ सदस्य असावे लागतात. निम्मे सदस्य आणि अध्यक्ष संस्थेबाहेरचे हवेत, म्हणजे स्वतःच्याच कामाला स्वतः पास करणे नको. डॉक्टर व वैद्यकशास्त्रज्ञ यांच्या जोडीला एक कायदेतज्ज्ञ हवा. समाजशास्त्रज्ञ, तत्त्वज्ञ, नीतितज्ज्ञ, सामाजिक संस्थेचा प्रतिनिधी अशांपैकी कोणी हवा. निदान एक स्त्री हवी. आणि एक सामान्य नागरिक हवा.

हा सामान्य नागरिक कशाला? तज्ज्ञ ज्या शब्दांवरून सहज पुढे जातो, तेथे सामान्य माणूस अडतो. आणि जेथे तो अडतो तेथेच रुग्णही अडणार असतो. 'या कागदात 'यादृच्छिक' लिहिले आहे, म्हणजे काय हो?' एवढा साधा प्रश्न कित्येकदा अख्खे संमतीपत्र नव्याने लिहायला लावू शकतो. किन्हवलीच्या बाजारात भाजी विकणारी बाई, निवृत्त शिक्षक किंवा शेतकरी या खुर्चीवर शोभून दिसेल. उद्या तुमच्यापैकीही कोणी बसू शकेल.

जीवतंत्रज्ञानामुळे हे काम आता वाढत चालले आहे. २०१८ साली चीनमध्ये एका शास्त्रज्ञाने मानवी भ्रूणाच्या जनुकांत बदल करून जुळ्या मुली जन्माला घातल्याचे जाहीर केले. २०१९ मध्ये त्याला तुरुंगवासाची शिक्षा झाली. त्या मुलींना तर कोणी विचारलेच नव्हते, आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना विचारणार कसे? उलट तेच जनुक-संपादनाचे तंत्र योग्य रीतीने वापरून सिकलसेल या रक्तरोगावर उपचार निघाला. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. हा रोग महाराष्ट्रातील आदिवासी व इतर अनेक समाजांत आढळतो, म्हणून बातमी आनंदाचीच. पण अमेरिकेत त्या उपचाराची किंमत एका रुग्णाला २२ लाख डॉलर ठरली. येथे शास्त्राचा प्रश्न सुटला, न्यायाचा सुटला नाही.

घरी उपयोगी पडेल असे काही

आपल्या भागातून कोणाला मोठ्या दुखण्यासाठी न्यायचे तर आसनगावला लोकल पकडून मुंबई गाठावी लागते. तेथे गडबडीत पुढे कागद येतो आणि 'येथे सही करा' असे सांगितले जाते. घरात शिकलेले बहुधा तुम्हीच असता. तो कागद संशोधनाचा असेल तर सहीपूर्वी एवढे जरूर विचारा: हा उपचार आहे की प्रयोग? यात धोका कोणता? 'नाही' म्हटले तर नेहमीचे उपचार चालू राहतील ना? मध्येच बाहेर पडता येईल का? अपाय झाला तर जबाबदारी आणि खर्च कोणाचा? आणि या कागदाची प्रत आम्हाला मिळेल ना? हे विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास नव्हे. चांगला संशोधक या प्रश्नांची उत्तरे आनंदाने देतो, कारण ती देणे हा त्याच्या प्रयोगाचाच भाग आहे. आणि संशोधनात भाग घेणे हे वाईट नाही हेही विसरू नका. कोणीतरी भाग घेतला म्हणूनच आज आपल्याला लशी आणि औषधे मिळतात.

शिक्षकांसाठी एक सूचना. वर्गात ७ विद्यार्थ्यांची नीतिसमिती नेमा: डॉक्टर, वैद्यकशास्त्रज्ञ, वकील, समाजसेविका, नीतितज्ज्ञ, परगावचा अध्यक्ष आणि एक सामान्य नागरिक. दोन विद्यार्थी संशोधक होऊन पुढील काल्पनिक अर्ज मांडतील: 'रक्तक्षयावरील नव्या गोळ्या एका आश्रमशाळेतील २०० मुलींपैकी १०० जणींना द्यायच्या आहेत, उरलेल्या १०० जणींना द्यायच्या नाहीत. अभ्यास ६ महिन्यांचा. पालक कामासाठी बाहेरगावी आहेत.' समितीने परवानगी द्यावी, नाकारावी की अटी घालाव्या? लोहाच्या गोळ्यांचा उपयोग आधीपासून ठाऊक असताना दुसऱ्या गटाला काहीच न देणे चालेल का? त्यांना नेहमीच्या गोळ्या देऊन तुलना करता येईल का? पालकांशी गाठ कशी घालावी? निर्णयाबरोबर कारणेही फळ्यावर लिहा.

आणि सामान्य नागरिकाच्या भूमिकेसाठी वर्गातील सर्वांत हुशार विद्यार्थी निवडू नका. न समजलेले 'समजले नाही' असे मोठ्याने सांगण्याचे धैर्य ज्याच्यात आहे, त्याला ती खुर्ची द्या.